सोयाबीनचा भाव पडला, तरी मत तिकडेच का गेलं?

प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या एका तरुणाचा आहे, थोडक्यात सांगते. त्याच्या गावात थेट सरपंचाची निवडणूक झाली. त्याचा चुलतभाऊ उभा होता. कृषीत एम.एस्सी., सुपारीचंही व्यसन नाही, गावाचा पाच वर्षांचा आराखडा मोबाइलवर घेऊन दारोदार फिरलेला. तो पडला. निवडून आला तो आठवी शिकलेला, ट्रॅक्टर भाड्याने देणारा गडी. त्याच दिवसांत या तरुणाने वाचलं की अमेरिकेत ज्या अध्यक्षाच्या व्यापारयुद्धाने तिथल्या सोयाबीनचा भाव पाडला, त्यालाच तिथल्या शेतकऱ्यांनी पुन्हा भरभरून मतं दिली. त्याने विचारलंय, ‘लोक नेमकं काय पाहून एका उमेदवाराकडे ओढले जातात? की काहीच पाहत नाहीत?’

पाहतात. पण आपण समजतो ते पाहत नाहीत.

मी बावीस वर्षं मतदारांच्या मुलाखती घेत फिरते आहे. यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि अमरावतीचा काही भाग. मतदार यादीतून नावं निघतात. त्या नावाच्या घरी जायचं, पाऊण तास बसायचं, प्रश्नावली भरायची. शेवटी बनावट मतपत्रिका हातात द्यायची, पेटी पुढे करायची आणि पाठ फिरवून उभं राहायचं. अमेरिका मी पाहिलेली नाही. तिथले अभ्यास प्रशिक्षणात शिकले, मग आवडीने वाचत गेले. इथलं मात्र चालून पाहिलंय.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललेली आहे. मतदार दोन उमेदवार समोर ठेवतो, दोघांचे गुणदोष तोलतो आणि ज्याचं पारडं जड त्याला मत देतो, असं तुम्हाला वाटतं. असं तोलणारे लोक असतात, पण थोडे. बहुतेकांचं मत उमेदवाराचं नाव जाहीर होण्याआधीच ठरलेलं असतं. 1940 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एरी नावाच्या परगण्यात सुमारे 600 माणसांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून विचारलं गेलं, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट की समोरचे विल्की? प्रचार माणसाचं मत कसं फिरवतो ते बघायचं होतं. निघालं उलटंच. एका बाजूकडून थेट दुसऱ्या बाजूला गेलेले फारच थोडे होते. प्रचाराने बाकीच्यांना त्यांच्या मूळ जागी आणखी घट्ट बसवलं होतं. आणि जे हलले, त्यातले बरेच रेडिओ किंवा वर्तमानपत्रामुळे हलले नव्हते. ओळखीतल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या बोलण्याने हलले होते. हे वाचलं तेव्हा मला दारव्ह्याच्या बसस्टँडसमोरचा पानठेला आठवला.

लांब जायला नको, तुमच्याच जिल्ह्याचं घ्या. 1980 ला वाशीमने लोकसभेवर कोणाला पाठवलं? गुलाम नबी आझाद यांना. काश्मीरचा तिशीतला माणूस, मराठी येत नाही, वऱ्हाडी तर सोडाच. 1984 ला पुन्हा तेच. त्याच वर्षी रामटेकने पी. व्ही. नरसिंह राव यांना निवडून दिलं, ते तेलुगू मुलखाचे. आजोबा असतील तर विचारा, आझादांचं काय पाहून मत दिलं. बहुतेक ‘कोण आझाद?’ असंच म्हणतील. मत इंदिराबाईंचं होतं, पंजाचं होतं. त्याआधी ते गाय-वासराचं होतं, त्याहून आधी बैलजोडीचं. उमेदवार म्हणजे त्या चित्राखाली लिहिलेलं नाव.

म्हणून अमेरिकेबद्दल ऐकताना पहिल्यांदा हे ध्यानात घ्या. तिथल्या मोठ्या संख्येच्या लोकांसाठी रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट असणं ही निव्वळ पसंती नसते. आपल्याकडे ‘आमचं घर आधीपासून त्या पक्षाचं’ म्हणतात ना, तसंच. वडील कोणत्या चर्चमध्ये जायचे, कोणत्या कारखान्यात होते, आपण कॉलेज केलं की नाही, शहरात राहतो की शेतावर, हे सगळं त्या एका शब्दात आलेलं असतं. अध्यक्षपदाचा उमेदवार त्या शब्दाला चेहरा देतो. चेहरा आवडला नाही तरी माणूस घर सोडत नाही, फार तर मतदानाला जात नाही.

आता तुमचे सोयाबीनवाले. थोडी दुरुस्ती करते. जुलै 2018 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा आयातशुल्क लावलं आणि भाव कोसळले, हे खरं. सोयाबीनचं मोठं राज्य म्हणजे आयोवा. 2020 ला तिथे ट्रम्प सुमारे आठ टक्क्यांनी पुढे राहिले, तेही खरं. पण देशभरात ते त्या वर्षी हरले, आणि आयोवातसुद्धा शेतकरी म्हणून पोट भरणारे मतदार थोडेच आहेत. ‘सोयाबीनवाल्यांनी निवडून दिलं’ म्हणणं म्हणजे ‘विदर्भात कापूसवाले सरकार ठरवतात’ म्हणण्यासारखं झालं. भाषणात बरं वाटतं.

तरी प्रश्न उरतोच. भाव पडूनही ते शेतकरी का हलले नाहीत? तीन गोष्टी दिसतात. एक, सरकारने नुकसानभरपाईचे पैसे थेट दिले, 2018 ला 12 अब्ज डॉलरपर्यंत आणि 2019 ला 16 अब्ज डॉलरपर्यंतच्या घोषणा झाल्या. दुसरी, चीन आपल्याला वर्षानुवर्षं फसवतोय आणि कोणीतरी उलट बोललं पाहिजे ही भावना तिथे आधीपासून होती. नुकसान झालं, पण ते ‘आपल्या भांडणातलं’ नुकसान झालं. बांधाच्या भांडणात माणूस तालुक्याच्या कोर्टाच्या खेपा घालून घालून बांधाच्या किमतीपेक्षा जास्त घालवतो, तरी वकील बदलत नाही. तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींहून मोठी. समोरचा पक्ष त्यांना ‘शहरवाल्यांचा’ वाटत होता.

तरीही त्यांना मेंढरं म्हणू नका. याच आयोवाने 2008 आणि 2012 ला ओबामांना निवडलं होतं. 2016 ला ट्रम्प तिथे नऊ टक्क्यांच्या वर फरकाने जिंकले. म्हणजे ज्या राज्याने चार वर्षांपूर्वी काळ्या वर्णाच्या, हार्वर्ड शिकलेल्या माणसाला मत दिलं, तेच राज्य इतकं फिरलं. हललेल्यांत कॉलेजात न गेलेले गोरे मतदार मोठ्या प्रमाणात होते. बहुसंख्य लोक जागचे हलत नाहीत हे जितकं खरं, तितकंच जे थोडे हलतात ते निवडणूक फिरवतात हेही खरं. मग हे थोडे कशाने हलतात?

इथे मला दिग्रस तालुक्यातलं एक अंगण सांगायचंय.

ऑक्टोबर 2019. विधानसभेचं मतदान होऊन दोन दिवस झालेले, मोजणी व्हायची. परतीच्या पावसाने सोयाबीन भिजवलेलं. अंगणात ताडपत्रीवर दाणे पसरले होते आणि साठीचे एक काका हाताने ते खालीवर करत बसले होते. काही दाण्यांना कोंब फुटलेले. ओल्या सोयाबीनचा तो आंबूस वास ज्याने घेतलाय त्याला मी काय सांगू. मी प्रश्नावली काढली. ‘मत देताना सर्वांत महत्त्वाचं काय वाटलं: पक्ष, स्थानिक उमेदवार, मुख्यमंत्री कोण होणार, विकासकामं?’ काका म्हणाले, ‘लिहा बाई, काही बी लिहा.’ मी त्यांच्या तोंडून काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पेटीत कागद पडला, मी सामान आवरलं, काकूंनी चहा ठेवला. मग ते आपणहून बोलले.

‘माह्या बापाच्या तेरवीले दोघंही आलते. एक जन ताडपत्रीवर बसला, म्हने काकू, पानी आना. गडव्यातलं पानी पेला. दुसराही आला, नाही म्हनत नाही. हात जोडले, फोटोले फूल वाह्यलं. पन त्याच्या पोट्ट्यानं गाडीतून शिसी आनून देल्ली. शिसीतलं पेला न् गेला.’ मग दाण्यांकडे बघत म्हणाले, ‘आमचं पानी नाही चाललं त्याले.’

ते घर वेशीबाहेरच्या वस्तीतलं होतं, एवढं सांगितलं की बाटलीचं वजन कळेल.

आता, त्या दुसऱ्या उमेदवाराला मुतखडा असेल. यवतमाळच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे, डॉक्टरने बाहेरचं पाणी बंद केलं असेल. त्याच्या मनात काहीही नसेल. पण मतदार उमेदवाराच्या मनात कसा शिरणार? त्याच्यापुढे त्या माणसाची पाच मिनिटं होती आणि पाच मिनिटांत त्याला एकच हिशेब करायचा होता: हा मला मोजतो का? आपल्याकडे ‘तो कोणाला मोजत नाही’ म्हणतात, त्यातलं मोजणं. बावीस वर्षांत मी जितकी कारणं ऐकली, त्यातली निम्मी खरवडली की खाली हेच निघतं.

अमेरिकेतला याचा जोडीदार प्रसंग मी प्रशिक्षणात नेहमी सांगते. 15 ऑक्टोबर 1992, व्हर्जिनियातलं रिचमंड. अध्यक्षपदाच्या तिन्ही उमेदवारांना साध्या मतदारांनी समोरासमोर प्रश्न विचारायचे, असा वाद-कार्यक्रम. एका बाईने विचारलं की देशावरच्या कर्जाचा तुम्हाला स्वतःला काय फटका बसला? तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश त्याच सुमारास मनगटावरच्या घड्याळाकडे बघताना कॅमेऱ्यात सापडले, आणि उत्तर देताना तर प्रश्न नीट कळलाच नाही असं म्हणून बसले. क्लिंटन उठले, दोन पावलं तिच्याजवळ गेले आणि तिलाच विचारलं, तुम्हाला काय फटका बसला? तुमच्या ओळखीत कोणाची नोकरी गेली का? त्या कार्यक्रमाने निवडणूक फिरली असं मी म्हणणार नाही. मंदी होती, मतं फोडणारे तिसरे उमेदवार रॉस पेरो होते. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते घड्याळ. बुश यांनी नुकतंच युद्ध जिंकून दाखवलं होतं, अनुभवात क्लिंटन त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हते. तरी घड्याळ राहिलं. बाटली आणि घड्याळ माझ्या लेखी एकाच जातीचे पुरावे आहेत.

आता तुमच्या चुलतभावाकडे येऊ, कारण खरा सल तिथे आहे हे मला कळतं.

थेट सरपंच ही आपल्याकडची अध्यक्षीय निवडणूकच आहे. 2017 ला कायदा बदलला आणि सदस्यांऐवजी गावानेच सरपंच निवडायचा झाला. 2020 ला ते रद्द झालं, 2022 ला पुन्हा आलं. 1995 पासून जन्मलेल्यांना सातवी पासची अट आहे. म्हणजे तुमचा आठवीवाला कायद्याने शिकलेलाच. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. वर सांगितलेला पक्षाचा आधार काढून घेतला की मतदार कशाला धरतो? भावकीला, जातीला, वस्तीला. त्यानंतरही काही मतं उरतात. हजार-दीड हजार मतांच्या गावात वीस-तीस मतांनी निकाल लागतो, तेव्हा ती उरलेलीच सगळं ठरवतात.

ती मतं आराखड्याने का आली नाहीत? कारण गावाला सरपंचाची ताकद तुमच्या भावापेक्षा जास्त माहीत आहे. वित्त आयोगाचे पैसे किती येतात, त्यातले बांधून दिलेले किती, सही ग्रामसेवकाची किती ठिकाणी लागते, पंचायत समितीत फाइल कोणाच्या टेबलावर अडते, हे गावातल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. पाच वर्षांत गोदाम, शेततळी, सौर दिवे म्हटल्यावर ती मान डोलावते, मनात म्हणते, बोल बापा. तिला हवं असतं घरकुलाच्या यादीत नाव, निराधारचे अडकलेले पैसे, आणि रात्री दोन वाजता वाजवलं तर उघडणारं एक दार. ट्रॅक्टरवाल्याचं दार ती वाजवून चुकलेली असते. सुनेला दवाखान्यात नेताना वाजवलेलं असतं. त्याने डिझेलचे पैसे घेतलेही असतील, पण तो उठला होता.

शिकलेल्या उमेदवाराची एक अडचण आणखी असते, आणि ती स्वतः त्याला दिसत नाही. तो समजावून सांगतो. मी एकदा अशाच एका हुशार मुलाबरोबर तीन घरं फिरले, मुलाखती घ्यायच्या होत्या म्हणून मागे मागे. प्रत्येक घरी तो उभ्या उभ्या मोबाइल पुढे करून बोलला, चांगलं बोलला. तिन्ही घरी त्याने एकही प्रश्न विचारला नाही. चौथ्या घरी आजीबाईंनीच विचारलं, ‘बाबू, तू कोनाचा?’ म्हणजे कोणाचा मुलगा. त्याला वाटलं पॅनल विचारतायत. त्याने चिन्ह सांगितलं.

चेहऱ्याबद्दल लोक फार विचारतात, म्हणून दोन ओळी. 2005 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी उमेदवारांचे फोटो क्षणभर दाखवून ‘यातला जास्त कर्तबगार कोण वाटतो’ असं विचारलं. सिनेटच्या सुमारे 70 टक्के लढतींत लोकांनी बोट ठेवलेलाच जिंकलेला निघाला. गंमत आहे, पण हे अनोळखी माणसाबद्दल. गावात चेहरा जन्मापासून पाहिलेला असतो. तिथे रूबाब चालतो, नाही असं नाही. 1971 ला नागपूरने जांबुवंतराव धोट्यांना लोकसभेवर पाठवलं, इंदिरा गांधींची लाट असताना. ती दाढी, तो आवाज, तो आडदांडपणा यांचं वर्णन करताना जुनी माणसं अजून हात उंचावतात. पण धोट्यांच्या मागे वेगळ्या विदर्भाचं गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं नसतं तर नुसत्या दाढीला कोणी विचारलं नसतं.

आणि रात्रीचं वाटप? होतं. दोन्हीकडचं घेतलं जातं, ‘लक्ष्मीले नाही म्हनू नये’ म्हणून. त्याने मत विकत मिळतं हा उमेदवाराचा समज आहे. मतदाराच्या लेखी ती बहुतेक वेळा हजेरी असते. शेजारच्या आळीत पाकीट आलं आणि आपल्याकडे नाही, हा अपमान मात्र तो विसरत नाही. पुन्हा तेच, मोजलं नाही.

ओढीबद्दल बोलतोय खरं, पण ओढीपेक्षा चिडीचं वजन आता वाढलंय. पूर्वी आम्ही विचारायचो, ‘कोणाला निवडून आणायचंय?’ हल्ली पुष्कळ जण उत्तर वेगळ्या प्रश्नाचं देतात: ‘त्याले पाडाचं हाय.’ अमेरिकेत हेच होत आलंय. आपल्या उमेदवारावरचं प्रेम काही वाढलेलं नाही, समोरच्याबद्दलचा तिटकारा मात्र गेल्या काही दशकांत चढत गेलाय. त्यामुळे ‘या माणसात त्यांना काय दिसलं?’ हा प्रश्न कधी कधी फिरवून विचारावा लागतो. ‘दुसऱ्यात त्यांना काय दिसलं?’ तुमच्या भावाच्या बाबतीतही विचारून बघा. पॅनल कोणाचं होतं? मागच्या सरपंचाचं असेल, तर गोष्ट तिथेच संपली.

आता माझी चूक सांगते, कारण पैशाचा मुद्दा त्यातून जास्त नीट कळेल.

1980 ला अमेरिकेत अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या रेगन यांनी निवडणुकीच्या आठवडाभर आधी क्लीव्हलँडच्या वादात लोकांना एक साधा प्रश्न स्वतःलाच विचारायला सांगितला: चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? महागाई भडकलेली होती, उत्तर उघड होतं, मावळते अध्यक्ष कार्टर पडले. मतदार मागे वळून बघतो, मावळत्याला बक्षीस देतो किंवा शिक्षा करतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पाठांतर. त्या हिशेबाने 2024 मध्ये मला सगळं स्पष्ट दिसत होतं. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीनने क्विंटलला दहा हजार पाहिलेले. तीन वर्षांत तो चार हजारांच्या आसपास आलेला, हमीभाव तेव्हा 4,600 आणि बाजारात तेवढाही नाही. 4 जूनला लोकसभेचा निकाल लागला, विदर्भातल्या 10 पैकी 3 जागाच महायुतीला मिळाल्या. मी म्हटलं, पाठांतर बरोबर आहे.

खरं तर जूनमध्येच मी अर्धं ऐकलं होतं. बौद्ध वस्त्यांमध्ये सोयाबीनच्या आधी संविधानाचा विषय निघत होता. ज्याच्या घरी दोन एकर नाही, तो भावाचं काय बोलणार? त्याला भीती होती ती आपली गणतीच पुसली जाण्याची. मी ते नोंदवलं, पण मथळा भावाचाच केला.

मग विधानसभा आली. मी ऑक्टोबरभर फिरले. पानठेल्यावर, कृषी केंद्राच्या ओट्यावर, जिनिंगच्या गेटवर शिव्याच शिव्या. मी लेखी अंदाज दिला की लोकसभेचीच पुनरावृत्ती. 23 नोव्हेंबरला विदर्भातल्या 62 पैकी बहुतांश जागा महायुतीला गेल्या. सपशेल आपटले.

नंतर जुन्या वह्या काढून बसले तेव्हा कळलं. भेटलेल्या माणसांत पुरुष जास्त होते, कारण पानठेल्यावर बाया नसतात. घरी गेले तेव्हाही बाई उत्तर देताना नवऱ्याकडे बघत होती आणि मी ते ‘दोघांचं एकच मत’ म्हणून लिहून मोकळी झाले. मी स्वतः बाई असून. आर्णी तालुक्यातल्या एका घरात नवरा सोयाबीनवर तावातावाने बोलत होता, बायको चुलीपाशी. तो तंबाखू आणायला उठला तशी ती म्हणाली, ‘माह्या खात्यात आले, बाई. त्याच्या नाही.’ लाडक्या बहिणीचे दीड हजार. ती रकमेबद्दल बोलत नव्हती. तिला खतं किती महाग झाली, भावात किती बुडालो, सगळं तोंडपाठ होतं. पण लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर बँकेने पहिल्यांदा तिचं नाव पुकारलं होतं. माझ्या वहीत ते वाक्य समासात लिहिलेलं आहे, मुख्य नोंदीत नाही.

सोयाबीनचा भाव नवऱ्याच्या हिशेबात होता, दीड हजार तिच्या. एका घरात दोन हिशेब असतात हे पाठांतरात नव्हतं. योजना चांगली की वाईट, तिजोरीला झेपेल की नाही, हा वेगळा वाद आहे आणि तो करायलाच हवा. इथे प्रश्न ओढीचा आहे.

एक अवांतर सांगते. आपल्या राष्ट्रपतींना जनता थेट निवडत नाही, आमदार-खासदार निवडतात. तिथे तरी निव्वळ राजकीय हिशेब चालेल असं वाटतं. 2007 ला काँग्रेसच्या आघाडीकडून प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या, 1991 ला अमरावतीहून लोकसभेवर गेलेल्या. शिवसेना तेव्हा समोरच्या आघाडीत होती, त्या आघाडीने भैरोंसिंह शेखावत यांना पाठिंबा दिला होता. सेनेने मत दिलं प्रतिभाताईंना. मराठी माणूस म्हणून. ‘बाबू, तू कोनाचा’ हा प्रश्न फक्त खेड्यातल्या आजीबाईच विचारतात असं नाही.

शेवटचा मुद्दा, जो शिकलेले प्रश्नकर्ते नेहमी विसरतात: ओढ आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे मतदान केंद्रापर्यंतचा रस्ता असतो. अमेरिकेत तर मधे अख्खी व्यवस्था आहे. मतदान मंगळवारी, कामाच्या दिवशी. बऱ्याच राज्यांत नाव आधी नोंदवावं लागतं. आणि जिंकायचं ते राज्याराज्यांना वाटून दिलेल्या निर्वाचक मतांवर, 538 पैकी 270; बहुतेक राज्यांत जो पुढे राहतो त्यालाच त्या राज्याची सगळी जातात. 2016 ला देशभरात 28 लाखांहून जास्त मतं कमी मिळूनही ट्रम्प अध्यक्ष झाले, कारण मतं कुठे पडली याला किंमत होती. आपल्याकडे तो रस्ता पुण्याहून येतो. तुमच्या गावची किती पोरं चाकण-रांजणगावला आहेत? त्यांच्यासाठी गाडी कोणी केली होती? ट्रॅक्टरवाल्याने केली असेल, तर तुमच्या भावाकडे ओढलेली दहा-वीस मतं कंपनीच्या पाळीत अडकून राहिली आणि त्याच्याकडची गावात आली, इतकं साधंही असू शकतं.

20 नोव्हेंबर 2024 ला मी राळेगावकडच्या एका केंद्राबाहेर उभी होते. कापसाची वेचणी जोरात. मजुरी किलोवर, म्हणजे जितका वेळ रांगेत तितकी मजुरी बुडाली. दुपारभर शुकशुकाट. सव्वापाचला शेताकडून सात-आठ बाया आल्या, कमरेला वेचणीचं फडकं तसंच बांधलेलं, पदराला कापूस चिकटलेला. दारावरच्या पोलिसाने घाई केली. त्यातली एक मला ओळखत होती, लोकसभेला तिच्याकडे बसले होते. मी विचारलं, काऊन आल्या इतक्या उशिरा, अंधार पडतोय. ती म्हणाली, ‘मापाची वाट पाह्यली. माप झाल्याबिगर कसं येऊ?’ आणि रांगेत जाऊन उभी राहिली.